डेडवूडचं माऊंट मोराया: तिकीट काढून दफनभूमी बघायला जावं का?

करवंदी
नमस्कार मंडळी. जुलैत आई-बाबा येतायत. ओमाहाहून गाडी काढून साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सला जायचं ठरतंय. माऊंट रशमोर, कस्टर पार्कातले गवे, बॅडलँड्स हे सगळं यादीत आहेच. मला त्यात डेडवूड घालायचंय, आणि डेडवूडमध्येही मुख्य म्हणजे माऊंट मोराया. गावाच्या डोक्यावरच्या डोंगरात असलेली जुनी दफनभूमी. १८७६ च्या सोन्याच्या धावपळीत आलेली पहिली पिढी तिथे पुरलेली आहे. बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक, धाडसी बाई म्हणून गाजलेली कॅलॅमिटी जेन वगैरे नावाजलेली मंडळीही तिथेच.

घरात दोन तट पडलेत. बाबा तयार आहेत, त्यांना इतिहास म्हटलं की कुठेही न्या. आई म्हणते, "मसणवटीत जायला एवढ्या लांब विमानाने आले का? तेही पैसे मोजून?"

तर दोन प्रश्न. चढ किती आहे, सत्तरीच्या गुडघ्यांना झेपेल का? आणि दुसरा, असं कुणाच्या तरी मेलेल्या माणसांकडे 'पॉइंट' म्हणून बघायला जाणं तुम्हाला कसं वाटतं? माझं मत सांगते: खाली मेन स्ट्रीटवर सगळं पर्यटकांसाठी सजवलेलं असणार. सलून, बंदुका, टोप्या. अख्ख्या गावात नाटक नसलेली जागा ही एकच असावी, म्हणून जावंसं वाटतं.

तांबडा_रस्सा
तिकीट परतीचं आहे ना? मग खुशाल जा.

खडूस_काका
आईंशी सहमत. मी जाऊन आलोय. हिकॉक पत्ते खेळत बसला होता, कुणीतरी मागून येऊन डोक्यात गोळी घातली, संपला विषय. एवढ्या भांडवलावर ते गाव दीडशे वर्षं चाललंय. उन्हाळ्यात रोज रस्त्यावर खोटी गोळीबारी, संध्याकाळी मारेकऱ्याच्या खटल्याचं नाटक. वर थडग्यावर लोक पत्ते, नाणी आणि दारूच्या छोट्या बाटल्या ठेवतात. फोटोसाठी रांग. तुम्हाला नाटक नसलेली जागा हवी असेल तर ती ही नव्हे. तो अर्धा दिवस सिल्व्हन लेकला द्या, आई दुवा देतील.

डोंगरवाट
आधी गुडघ्यांचं बोलू, तत्त्वज्ञान नंतर.

मेन स्ट्रीटवरून चालत वर जायचा विचार सोडा. रस्ता आखूड असला तरी उभा चढ आहे. गाडी थेट फाटकापर्यंत जाते, आणि गावातून टूरच्या बसही सुटतात. त्या ज्येष्ठांसाठी उत्तम, कारण चालकच गोष्टी सांगत नेतो (थोड्या मीठ लावून). आम्ही गेलो तेव्हा तिकीट दोन डॉलर होतं, सोबत नकाशा देतात. हिकॉक आणि जेन फाटकापासून जवळच आहेत, तेवढं आई-बाबा आरामात बघतील. पुढे मात्र सगळं टप्प्याटप्प्याने वर जातं. कोकणातल्या गडग्यांसारख्या दगडी भिंती घालून उतारावर एकेक पट्टी सपाट केली आहे आणि त्या पट्ट्यांवर थडगी. पायवाटेवर पाइनच्या सुया पडलेल्या असतात, पाय घसरतो. काठी असू द्या.

गावाची उंची साडेचार हजार फुटांच्या आसपास, म्हणजे जवळपास महाबळेश्वर. श्वासाचा त्रास सहसा होत नाही, पण पाणी जास्त प्यायला लावा.

सेथ बुलॉकच्या थडग्याच्या नादी त्यांना लावू नका. हा गावचा पहिला शेरीफ, १९१९ मध्ये गेला. थिओडोर रूझवेल्टचा दोस्त. त्याचं थडगं बाकीच्यांपासून वेगळं, आणखी बरंच वर, समोर माऊंट रूझवेल्ट दिसावा अशा बेताने. तो चढ तुम्ही एकट्यानेच चढा.

लिंबलोण
आल्यावर आंघोळ करावी लागते का हो? म्हणजे सासूबाईंना विचारलं तर त्या हो म्हणतील म्हणून इथे विचारतेय.

तांबडा_रस्सा
@लिंबलोण, अमेरिकेत मोटेलवाल्याने आंघोळ भाड्यातच धरलेली असते. करून टाकायची.

नोंदवही
मी काही वर्षं रॅपिड सिटीत होतो, त्यामुळे माऊंट मोरायावर पाहुणे नेणं हे माझं ठरलेलं काम होतं. करवंदी, तुमच्या 'नाटक नसलेली जागा' या म्हणण्याला थोडा धक्का देतो, रागावू नका.

पहिलं म्हणजे तिथली सगळ्यात जुनी माणसं मुळात तिथे पुरलेलीच नव्हती. छावणीचं पहिलं दफनस्थान खाली, इंगलसाइड नावाच्या भागात होतं. गाव वाढलं, घरांना जागा हवी झाली, तेव्हा वरच्या डोंगरावर नवी जागा आखली आणि खालच्या मृतांना हलवायला सुरुवात झाली. हिकॉक मेला २ ऑगस्ट १८७६ ला, आणि १८७९ मध्ये त्याला उकरून वर आणलं. तेव्हा त्याचं शरीर दगडासारखं घट्ट झालं होतं अशी कथा लगेच पसरली. गावाने त्याची दंतकथा त्याच दिवसापासून विकायला काढली म्हणा ना.

दुसरं, त्याच्या थडग्याचं काय झालं ते ऐका. आधी लाकडी फळी होती. लोकांनी आठवण म्हणून चाकूने तिचे तुकडे सोलून नेले. मग दगडी पुतळा बसवला, त्याचे टवके उडवले. मग दुसरा पुतळा, त्याचीही तीच गत. शेवटी जाळी, कुंपण असं सगळं करून पाहिलं. आता ब्राँझचा अर्धपुतळा आहे. म्हणजे ज्याच्यासाठी लोक येतात त्याच्याच थडग्यावर मूळचं असं काहीही उरलेलं नाही.

तिसरं, कॅलॅमिटी जेन. ही १ ऑगस्ट १९०३ ला जवळच्या टेरी नावाच्या खाणगावात गेली. दारूने पोखरलेली, कफल्लक. मरताना "मला बिलच्या शेजारी पुरा" म्हणाली ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी, की बिलला ती अजिबात आवडायची नाही, म्हणून गावातल्या जुन्या टोळक्याने मुद्दाम गंमत म्हणून तिला शेजारी पुरलं. दोन्ही गोष्टी बसचे चालक रंगवून सांगतात. प्रत्यक्षात दोघांची ओळख काही आठवड्यांची असावी. पण आता पर्यटनाने त्यांचं कायमचं लग्न लावून दिलंय.

तरी मी म्हणेन जा. पण फाटकाजवळच्या या दोघांना पाच मिनिटं द्या आणि पुढे सरका. खरं माऊंट मोराया तिथून सुरू होतं.

खडूस_काका
पहा, मी काय म्हणत होतो! आणि ते 'डेड मॅन्स हँड', दोन काळे एक्के नि दोन काळ्या अठ्ठ्या, तेही त्यातलंच. पाचवं पान कुठलं यावर लोक भांडतात. माणूस मेला तेव्हा हातात पानं मोजत कोण बसलं होतं?

तांबडा_रस्सा
काका, ज्याचे पैसे डावावर होते तो बसला असणार.

करवंदी
नोंदवही, रागावले नाही, उलट जाण्याची इच्छा वाढली. 'पुढे सरका' म्हणजे नेमकं कुठे?

नोंदवही
सांगतो. नकाशात मुलांचा विभाग शोधा.

पहिल्या वर्षी डेडवूड म्हणजे बाप्यांची छावणी. ओढ्यातली वाळू चाळून सोनं काढायचं, संपलं की पुढच्या ओढ्यावर. असल्या छावणीत थडगी होतात ती गोळीची, दारूची, अपघाताची. ओढ्यातलं सोनं लवकर आटलं. पण शेजारच्या लीडमध्ये खडकातलं सोनं सापडलं. ते काढायला यंत्रं लागतात, भांडवल लागतं, कायमचे पगारी कामगार लागतात. म्हणजे बायका आल्या, मुलं आली, शाळा आली. आणि अरुंद घळीत, एका ओढ्याच्या पाण्यावर एवढी माणसं दाटीवाटीने राहायला लागल्यावर घटसर्प आणि स्कार्लेट फीवरही आले. १८७८ ते १८८० च्या साथींनी पोरं पटापट गेली. त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्याशी दगड नाही. ज्यांच्या आहे त्यावर नाव आणि महिने. वर्षं लिहायची वेळच आलेली नाही.

बंदूकवाल्यांचं गाव म्हणून आपण जातो, आणि तो उतार दुसरंच काही दाखवतो. लशीच्या आधीचं कुठलंही गाव असंच होतं. माझ्याबरोबर आलेले पाहुणे हिकॉकपाशी खूप बोलायचे, तिथे मात्र गप्प व्हायचे.

मृगजळ
वाचतेय. एक मुद्दा अजून कुणीच काढला नाही. 'पहिली पिढी', 'पायोनियर' हे कुणाच्या हिशोबाने?

१८६८ च्या फोर्ट लारामीच्या कराराने ब्लॅक हिल्स लाकोटा या मूलनिवासी जमातीचे होते. गोऱ्यांना तिथे वस्ती करायला अमेरिकेच्याच सरकारची मनाई होती. १८७४ मध्ये अमेरिकी सैन्यातला अधिकारी कस्टर फौज घेऊन गेला, सोनं असल्याची बातमी फुटली आणि लोंढा सुटला. म्हणजे १८७६ चं डेडवूड हे सरळसरळ बेकायदा गाव. ज्या उन्हाळ्यात हिकॉक पत्ते खेळत होता त्याच उन्हाळ्यात, २५ जूनला, लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि त्यांच्या साथीदारांकडून कस्टर मारला गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून डोंगर घेऊन टाकले.

याचा गमतीशीर (आणि चीड आणणारा) पुरावा हिकॉकच्याच खटल्यात आहे. मारेकरी जॅक मॅक्कॉलला डेडवूडमध्ये खाणवाल्यांनी ज्युरी बसवून निर्दोष सोडलं. तो निघून गेला आणि पुढे बढाया मारताना पकडला गेला. मग यँक्टनला त्याच्यावर पुन्हा खटला चालला आणि १ मार्च १८७७ ला त्याला फाशी दिलं. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा? कारण डेडवूड कायद्याच्या हद्दीतच नव्हतं, त्यामुळे तिथला निकालही निकाल नव्हता! एका माणसाला लटकवायला हे कारण चाललं, मात्र जमीन परत करायला ते कुणालाच आठवलं नाही.

१९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लाकोटांना भरपाई मंजूर केली, व्याज धरून साधारण साडेदहा कोटी डॉलर. त्यांनी ती उचललेली नाही. आम्हाला डोंगर हवेत, पैसे नकोत म्हणतात. ती रक्कम आता शंभर कोटींच्या पुढे गेली आहे आणि पडून आहे. आणि ती माणसं त्या देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत राहतात.

तेव्हा माऊंट मोरायावर कोण आहे याच्याइतकंच कोण नाही, हेही आई-बाबांना सांगा.

खडूस_काका
मृगजळ, मुद्दा बरोबर. पण मग रशमोरही रद्द करा, तो तर त्यांच्याच डोंगरात कोरलाय. सुट्टीवर आलेल्या आईला किती अपराध पोटात घालायला सांगणार?

मृगजळ
रद्द करा म्हटलंच नाही. बघा आणि माहीत असू द्या. रायगड बघताना १८१८ च्या तोफांचं बोलतोच ना आपण?

भूगर्भ
अवांतर करतोय, पण धाग्याच्या मालकिणीचे बाबा इतिहासवाले आहेत तर त्यांना आवडेल.

माऊंट मोरायापासून लीड तीन-चार मैलांवर. तिथली होमस्टेक खाण १८७६ मध्ये सापडली, जॉर्ज हर्स्टने पुढच्या वर्षी विकत घेतली आणि ती २००२ पर्यंत चालली. आठ हजार फूट खोल, एकूण सोनं चार कोटी औंसांच्या घरात. गावाच्या मधोमध ओपन कटचा, म्हणजे वरूनच उघड्यावर खणत नेलेल्या खाणीचा, महाकाय खड्डा आहे, काठावरून दिसतो. गुडघ्यांना काहीही त्रास नाही.

आता खरी गंमत. याच खाणीत, दीड किलोमीटर खोल, रे डेव्हिस या शास्त्रज्ञाने साठच्या दशकात पावणेचार लाख लिटरहून जास्त ड्राय क्लीनिंगचा द्रव भरलेली टाकी बसवली. कशासाठी? सूर्यातून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पकडायला. वर इतका खडक हवा की बाकीचे वैश्विक किरण गाळले जावेत. हिशोबापेक्षा साधारण एक तृतीयांशच न्यूट्रिनो सापडले. सगळे म्हणाले, तुझं काहीतरी चुकतंय. चूक त्याची नव्हती, वाटेत न्यूट्रिनो रूप बदलत होते. २००२ मध्ये नोबेल मिळालं, ज्या वर्षी खाण बंद झाली त्याच वर्षी.

आणि आपला संबंध असा, की त्याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं कोलारच्या सोन्याच्या खाणीत हेच करत होती. १९६५ मध्ये तिथे, दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पहिल्यांदा टिपले गेले. साधारण त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतही. सोन्याच्या खाणींशिवाय इतकं खोल जायला पैसे कुणी दिले असते?

कोलारलाही इंग्रज आणि कॉर्निश खाणवाल्यांची थडगी आहेत. तिकडे कुणी तिकीट मागत नाही, कारण मागायला कुणी नसतं. खाण २००१ मध्ये बंद झाली.

डोंगरवाट
होमस्टेकची प्रयोगशाळा आता सॅनफर्ड नावाने चालते, वर माहिती केंद्र आहे. पाऊस आला तर तिथे आसरा चांगला.

पाटीलबुवा
उशिरा आलो. आईसाहेबांच्या बाजूने थोडं बोलतो आणि विरुद्धही.

आपण 'आपल्यात पुरत नाहीत' असं सरसकट म्हणतो ते खरं नाही. आमच्या भागात लिंगायत पुरतात, बसवून. गोसाव्यांच्या, संन्याशांच्या समाध्या गावोगाव आहेत. तान्ह्या मुलांना तर बहुतेक जातींत पुरतात, जाळत नाहीत. वेशीवरचे वीरगळ बघा: खाली लढाई, मध्ये अप्सरा नेतायत, वर शिवलिंगाची पूजा. अनोळखी मेलेल्याला आपण रोज येता-जाता नमस्कार करतोच की. शेंदूर लावून पार देव करून टाकलेत काही. तेव्हा आईंना सांगा, मसणवटीत नाही, वीरगळ बघायला चाललोय.

विरुद्ध काय म्हणाल तर तिकीट मला आवडलेलं नाही. मेलेल्याच्या दारात पैसे कसले?

नोंदवही
पाटीलबुवा, तिकिटाचं सांगतो. ऐंशीच्या दशकात डेडवूड मोडकळीला आलं होतं. १ नोव्हेंबर १९८९ पासून तिथे जुगार कायदेशीर झाला. नेवाडा आणि अटलांटिक सिटीनंतर हेच. अट अशी होती की त्यातल्या करातून जुन्या इमारती राखायच्या. माऊंट मोरायाच्या भिंती, पायऱ्या, कोसळलेले दगड उभे करणं, हे याच पैशातून आणि तिकिटातून झालं. पत्त्यांवर मेलेल्या माणसाचं थडगं पत्त्यांच्या पैशातून राखलं जातं, यात मला तर काही खटकत नाही.

तांबडा_रस्सा
हिकॉकने एवढा मोठा डाव जिंकला हे त्याला कळलंच नाही.

आज्जीचा_बटवा
मी रत्नागिरीची. धागा वाचून आमचा थिबा राजा आठवला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवला आणि तो इथेच १९१६ मध्ये गेला. त्याचा राजवाडा बघायला सगळे जातात. थडगं मात्र शहरात घरांच्या मध्ये आहे, तिथे बाहेरचं फारसं कुणी फिरकत नाही. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन येऊन दर्शन घेऊन गेले, तेव्हा शेजाऱ्यांनासुद्धा नव्याने कळलं की आपल्या इथे कोण आहे. आणि दिल्लीचा बादशहा बहादूरशहा तिकडे रंगूनला. इंग्रजांनी राजांची अदलाबदल केली.

माझा प्रश्न असा, की त्या डेडवूडमध्ये चिनी लोक पण होते असं मी वाचलंय. ते कुठे गेले? त्यांना घरी जायला मिळालं का?

चाफा_विलायती
आज्जी, बरोबर जागी बोट ठेवलंत. माझा अभ्यासाचा विषय जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेडवूडमध्ये चांगला मोठा चिनी मोहल्ला होता. धोबीकाम, खाणावळी, दुकानं, काहींच्या खाणीही. जवळजवळ सगळे दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगचे. त्यांची श्रद्धा अशी, की माणसाची हाडं गावच्या मातीत गेली पाहिजेत. नाहीतर पिंड द्यायला कुणी नाही आणि आत्मा उपाशी भटकतो. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून ते मृताला माऊंट मोरायाच्या त्यांच्या भागात पुरायचे, पण तात्पुरतं. काही वर्षांनी थडगं उकरायचं, हाडं धुऊन-पुसून मोजायची, पेटीत भरायची आणि सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने पाठवायची. हाँगकाँगचं तुंग वाह रुग्णालय या पेट्या उतरवून घेऊन गावोगाव पोचवायचं. खर्च त्यांच्या गावकीच्या मंडळांकडून. चाकरमान्यांच्या मुंबईतल्या गावमंडळांसारखीच व्यवस्था.

अंत्ययात्रा वाजतगाजत निघायची. वाटेत भोकं पाडलेल्या कागदाच्या पट्ट्या उधळत जायचे, कारण भुताला पाठलाग करताना प्रत्येक भोकातून जावं लागतं आणि तोवर मृत माणूस सुखरूप पोचतो. थडग्याशी जेवण ठेवायचे आणि कागदी वस्तू विटांच्या भट्टीत जाळायचे. ती भट्टी आणि वेदी पडून गेली होती, २००३ मध्ये पुन्हा बांधली. नकाशात आहे, चुकवू नका.

तर तिथे आज चिनी थडगी अगदी मोजकी दिसतात, ती एवढ्यासाठी की बाकीचे घरी गेले. बघणाऱ्याला वाटतं इथे चिनी फारसे नव्हतेच. १८८२ च्या कायद्याने नवे मजूर यायचे बंद झाले, बायका-मुलं आणता येईनात, मोहल्ला हळूहळू ओस पडला. जे शेवटी मेले त्यांची हाडं पाठवायला कुणी उरलं नाही, ते राहिले.

मृगजळ म्हणते ते 'कोण नाही' तिथे दोन प्रकारचं आहे. लाकोटांना त्यांच्या घरातून काढलं म्हणून ते नाहीत. चिनी घरी गेले म्हणून नाहीत.

आज्जीचा_बटवा
बाई, छान सांगितलंस. थिबाच्या वाट्याला ते आलं नाही.

मृगजळ
+१. ही बाजू मला माहीत नव्हती.

लिंबलोण
कागदाच्या भोकांची आयडिया भारी आहे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर चालेल का?

भूगर्भ
चालेल, पण तो प्रत्येक भोकाची पावती मागेल.

डोंगरवाट
ज्यू लोकांचाही वेगळा भाग आहे, हिब्रू अक्षरांचे दगड. गावातले बरेच व्यापारी ज्यू होते. थडग्यावर फुलांऐवजी खडे ठेवलेले दिसतील, ते कुणाचा खोडसाळपणा समजून उचलू नका. आमच्या मुलाने खिसे भरले होते, परत ठेवायला लावले.

आणि बाबांना डोरा ड्यूफ्रान सांगा, आईंना नको. कुंटणखान्याची मालकीण, १९३४ मध्ये गेली. तिचा पोपट फ्रेडसुद्धा तिच्याजवळच पुरलाय म्हणतात.

खडूस_काका
पोपटाचं कुणी आधी सांगितलं असतं तर मी वाद घातला नसता.

पाटीलबुवा
पोपट काय बोलत असेल याची कल्पना करतोय.

तांबडा_रस्सा
म्हणूनच पुरला असणार. गावातल्या अर्ध्या प्रतिष्ठितांची नावं त्याला पाठ असतील.

करवंदी
:) सगळ्यांचे आभार. आईला चिनी हाडांचं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे कुणीतरी होतं त्यांचं." आता तिचा विरोध मावळलाय, पण अट घातली आहे की दुपारी बाराला जायचं नाही आणि आत काही खायचं नाही.

ठरवलंय ते असं. सकाळी लवकर गाडीने फाटकापर्यंत. हिकॉक-जेनपाशी आई-बाबा बसतील, तिथे बाक आहेत का कुणी सांगा. मग झेपेल तेवढं मुलांच्या भागाकडे आणि चिनी भट्टीकडे. बुलॉक माझ्या एकटीचा. दुपारी लीडचा खड्डा आणि माहिती केंद्र. काका, सिल्व्हन लेक दुसऱ्या दिवशी घेतलंय, तुमचा मान राखून.

'नाटक नसलेली जागा' हे माझं वाक्य मात्र मागे घेत नाही. नाटक फाटकापाशी आहे, वर नाही, असं तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यावरून दिसतंय.

मृगजळ
वरही आहेच, फक्त प्रेक्षक कमी.

डोंगरवाट
बाकाची खात्री देत नाही, घडीची खुर्ची गाडीत टाका. सकाळची वेळ अगदी बरोबर. जुलैत तिकडे दुपारनंतर ढग जमतात आणि गारा पडतात, गाडीची काच जायची. ऑगस्टच्या सुरुवातीला तारीख ढकलू नका. स्टर्जिसची मोटरसायकल जत्रा असते, लाखो फटफट्या, खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट.

नोंदवही
आणि ओमाहाहून जाताना बॅडलँड्सच्या फाट्याजवळ वॉल ड्रग नावाच्या दुकानापाशी थांबा. शंभर मैल आधीपासून पाट्या दिसायला लागतील. पाच सेंटला कॉफी मिळते. अमेरिकेत काहीतरी स्वस्त मिळालं म्हणून आईंना बरं वाटेल.

लिंबलोण
चहा मिळतो का पण?

नोंदवही
मिळतो. पण तो पिऊन झाल्यावर तुम्हाला थर्मास का आणला नाही असं वाटेल.